सृष्टीच्या जात्यात गहू

मित्रांनो, मी एक जुनं जातं आहे आणि मला फार राग आलेला आहे. दगडाला कसला आलाय राग, असं तुम्ही म्हणाल. खुशाल म्हणा. पण माझी गोष्ट ऐकून झाल्यावर सांगा, माझ्या जागी तुम्ही असता तर गप्प बसला असता का.

विंझरच्या पुढे, वेल्ह्याच्या रस्त्याला आमची वाडी आहे. तिथे गेनबाच्या घराच्या पडवीत मी असतो. माझा जन्म डोंगराच्या काळ्या खडकातून झाला. पाथरवटानं मला छिन्नीनं टाचून टाचून गोल केलं, माझ्या दोन तळ्या केल्या, वरच्या तळीला दाणे घालायला तोंड ठेवलं आणि लाकडी खुंटा ठोकला. घडताना खूप सोसावं लागलं, पण त्याची माझी तक्रार नाही. माझ्यातून पहिलं नाचणीचं पीठ पडलं तेव्हा घरानं मला हळदकुंकू वाहिलं. पुढे कितीतरी वर्षं या घरानं माझ्याच पिठाच्या भाकरी खाल्ल्या. नाचणी, वरई आणि तांदूळ. आमच्याकडे हेच पिकतं आणि हेच खाल्लं जायचं. गहू घरात यायचा तो सणाला.

मग विंझरला विजेची गिरणी आली. घरात गव्हाचं पोतं आलं आणि सगळ्यांना एकदम भाकरीची लाज वाटू लागली. ठकुबाई ही गेनबाची बायको. नवी नवरी होऊन आली तेव्हापासून तिनं मला ओढलं होतं. तीच आता सुनेला, सुलक्षणाला बजावू लागली, "पाव्हण्याम्होरं भाकरी ठेवू नगंस. काय म्हंतील लोकं, ह्यांच्या घरात चपाती व्हत न्हाई व्हय?" ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दगडाला तळपाय नसतात, पण तळी असते.

त्यानंतर मला कुणी विचारलं नाही. माझ्यावर कळशी ठेवली जायची, कोंबडी बसायची. वाडीतली बाकीची जाती तर कामातूनच गेली. एकाची पायरी झाली, एकावर धुणं आपटतात. माझ्याच खडकातलं एक जातं सारोळ्याला हायवेच्या ढाब्यावर शोभेला मांडलंय आणि त्याच्या तोंडात प्लास्टिकची फुलं खोचलीत, असं ऐकतो. फिरणारं, पीठ पाडणारं जातं वाडीत माझ्याशिवाय उरलं नाही. हे लक्षात ठेवा, कारण सगळा घोटाळा त्यातूनच झाला.

सृष्टी ही सुलक्षणाची मुलगी, ठकुबाईची नात. तिचा बाप बंडू टेम्पो चालवतो. ही पोर लहानपणापासून किरकिरी. पोट फुगलेलं, हातपाय काटक्या, तोंड सारखं आलेलं, जुलाब तर नेहमीचेच. तिच्या वर्गातल्या मुली उंच झाल्या आणि ही तेवढीच राहिली. जंताची औषधं झाली, टॉनिकं झाली, ठकुबाईनं दृष्टही काढून पाहिली. "नीट चपाती खात न्हाई, मग अंगाला काय लागणार," असं म्हणत तिच्या ताटात आणखी एक चपाती पडायची. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. पण पोरीला रोज तेच वाढलं जात होतं, जे तिला खात होतं.

शेवटी पुण्याच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, दुर्बीण घालून आतडं तपासलं, आणि आजाराचं नाव सांगितलं. सीलिॲक. बंडूनं घरी येऊन सगळं पडवीत बसूनच सांगितलं, म्हणून मलाही कळलं.

"गव्हात ग्लुटेन म्हणून काहीतरी असतंय. ते पोटात गेलं की हिचं शरीर आपल्याच आतड्यावर उठतंय. औषध न्हाई त्याला. गहू, रवा, मैदा, जव जल्मभर बंद. चिमूटभर बी न्हाई."

"आन् गिरणीतली भाकरी?" सुलक्षणानं विचारलं.

"ती बी न्हाई. गिरणीत गव्हावर आपलं तांदूळ पडलं की गव्हाचं पीठ त्यात येणारच."

मग ठकुबाईची नजर माझ्याकडे वळली.

मित्रांनो, त्या दिवसाचा आनंद मी कधी विसरणार नाही. कोंबडीला हुसकलं. मला घासूनपुसून उन्हात वाळवलं, छिन्नीनं पुन्हा टाचून घेतलं, नवा खुंटा बसवला. रोज सकाळी सुलक्षणा आणि सृष्टी समोरासमोर बसून मला ओढू लागल्या. नाचणी, तांदूळ, पुन्हा नाचणी. सृष्टीसाठी वेगळा तवा आला, वेगळी परात आली. हळूहळू तिचं पोट शांत झालं, गाल भरले, ती शाळेच्या चढावर पळू लागली. "हे माझं जातं हाय," असं ती मैत्रिणींना सांगायची, आणि मी, एवढा मोठा धोंडा, मनातल्या मनात फुलून जायचो.

पण लोक! लोकांचं मला आजही कळत नाही. हिला साप चावलाय म्हटलं असतं तर सगळी वाडी धावली असती. गहू चालत नाही म्हटलं की सगळ्यांना हसू येतं. सत्यनारायणाच्या प्रसादाला शिरा असतो, तो रव्याचा, म्हणजे गव्हाचाच. सृष्टीनं हात जोडून नमस्कार केला आणि द्रोण परत दिला, तर बायका नाक मुरडून म्हणाल्या, "प्रसादाला न्हाई म्हनू नये बाळा. देवाचं हाय, एवढ्याशानं काय व्हतंय?" एवढ्याशानं काय होतं ते संडासात रडत बसणाऱ्या पोरीला विचारा की. डबीतल्या हिंगातसुद्धा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, हे सृष्टीनं दुकानात डबी फिरवून वाचलं, तर दुकानदार म्हणाला, "लई शानी झालीस." लग्नात ती आपला डबा घेऊन कोपऱ्यात बसते आणि येणारा जाणारा विचारतो, हिचं पुढं कसं व्हायचं, हिला कोण करून घेणार. पोरगी सहावीत आहे हो. तिला आधी जेवू तरी द्या.

हे सगळं तिनं निमूट सोसलं. जिभेला एकदाही ढिलं सोडलं नाही. आणि तरीही तिच्यावर जो आळ आला, त्याचीच ही गोष्ट आहे.

लग्नसराई आली. तुम्हांला घाणा भरणं माहीत असेल. लग्नाआधी सवाष्णी जमतात, जात्याला हळदकुंकू लावतात, हळकुंड बांधतात, गाणी म्हणत पहिलं दळण दळतात. त्यासाठी फिरतं जातं लागतं. आणि ते आता वाडीत एकाच घरी आहे. मंगल कार्याला नाही म्हणायची आमच्याकडे रीत नाही. वरच्या आळीत लग्न निघालं तेव्हा ठकुबाई म्हणाली, "न्या की, त्यात काय विचारायचं." बंडूनं स्वतःच्या खांद्यावर घालून मला तिथं पोहोचवलं.

हळकुंडं दळून झाली. मग सुपातून आले गहू. मूठ मूठ करून माझ्या तोंडात घातले. त्या मुठी घालणाऱ्यांत ठकुबाई होती. सुलक्षणाही होती. दोघींच्या मनात काहीही आलं नाही. चुलीवरचा गहू, ताटातला गहू, डब्यातला गहू त्या बरोबर ओळखायच्या. पण घाण्याचा गहू म्हणजे देवाचं काम. त्याला कुणी खाणं समजतच नाही. मला ओरडता आलं असतं तर मी मांडव उडवून दिला असता. मला फक्त घरघरता येतं, आणि माझी घरघर त्यांच्या गाण्याच्या सुरात मिसळून गेली.

घरी आणून मला फडक्यानं पुसलं. पण माझ्या दातांत अडकलेलं पीठ फडक्यानं निघतं होय? दुसऱ्या सकाळी माझ्यावर नाचणी पडली, आणि सृष्टीनं गरम भाकरी आनंदानं खाल्ली.

तिचं पोट पुन्हा बिघडलं. जरा सावरतेय तोवर खालच्या आळीत लग्न निघालं, आणि मी पुन्हा बंडूच्या खांद्यावर. असं त्या सराईत चालूच राहिलं. पुण्याला रक्त तपासलं तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हिच्या पोटात कुठून तरी गहू जातोय.

बंडूनं घरी येऊन पोरीला माझ्यासमोरच उभी केली. "शाळंत बिस्कुटं खातीस का?"

"न्हाई पप्पा."

"मग गहू काय वाऱ्यानं जातोय पोटात?"

"मला न्हाई माहीत. पन म्या न्हाई खाल्लं."

"खरं बोल. मारनार न्हाई."

"खरंच बोलतीया."

त्यानं विश्वास ठेवला नाही. सुलक्षणा मधे पडली नाही. ठकुबाई म्हणाली, "पोरांची जीभच ती, सुटायचीच." दुसऱ्या दिवशी बंडू शाळेत जाऊन बाईंना लक्ष ठेवायला सांगून आला. बाईंनी भर वर्गात सृष्टीचं दप्तर उलटं केलं. त्यात वह्या, पुस्तकं आणि नाचणीच्या भाकरीचा डबा याशिवाय काही नव्हतं. काही सापडलं नाही, तर म्हणे, हुशार आहे, बाहेरच खाऊन येत असेल. मुलं तिला बिस्कीटचोर म्हणू लागली.

त्यानंतर सृष्टी दळायला बसायची, पण बोलायची नाही. खुंटा ओढताना तिचे डोळे भरून यायचे. ज्या बापानं गव्हाचं जातं खांद्यावरून वाहिलं, तोच बाप पोरीला खोटी म्हणत होता, आणि खरं काय ते जाणणारा घरात मी एकटा. मित्रांनो, मला त्या दिवसांत माझ्या दगडपणाची चीड आली.

मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली. शेजारच्या सखूबाईच्या शेफालीचं लग्न ठरलं. मी पुन्हा बाहेर निघालो. या वेळी मात्र सृष्टी घरी होती. आईनं तिला हळदीचं ताट घेऊन सखूबाईकडे पाठवलं. ती मांडवात शिरली तेव्हा ठकुबाई माझ्यापुढे बसलेली होती आणि तिच्या मुठीत गहू होते.

सृष्टीनं ताट खाली ठेवलं. "आजी, हे माझं जातं हाय ना?"

गाणं थांबलं.

"ह्याच्यात गहू का घातला?"

ठकुबाईची मूठ तशीच माझ्या तोंडावर राहिली. बाजूची कुणीतरी म्हणाली, "अगं, ही रीत हाय. ह्ये खायाचं नसतंय." सृष्टी म्हणाली, "पन म्या ह्याच्यातलंच पीठ खाते."

ठकुबाईनं मूठ सुपात रिकामी केली. तिनं माझ्याकडे पाहिलं. आधीच्या सगळ्या घाण्यांना आपणच बसलो होतो, हे तिला आठवत असावं. मग ती सखूबाईला म्हणाली, "गहू उचल. हळकुंडांवर घाणा व्हईल."

"काकी, सवाष्णींचा घाणा मधीच थांबवायचा? अपशकुन व्हतो." सखूबाईचा चेहरा उतरला होता.

"अपशकुन माज्या नातीला झालाय. आमीच केलाय. आन् वर तिला चोर ठरवलं."

सखूबाईनं गव्हाचं सूप स्वतःच उचलून आत नेलं. घाणा हळकुंडांवर झाला. शेफालीचं लग्न व्यवस्थित पार पडलं.

बंडू मला न्यायला आला तेव्हा ठकुबाईनं त्याला सगळं सांगितलं. तो माझ्या खुंट्यावर हात ठेवून उभा राहिला. मग सृष्टीकडे वळून म्हणाला, "चुकलं पोरी."

वाटलं, आता ही रडेल, बापाला बिलगेल आणि सगळं गोड होईल. तसं झालं नाही. ती म्हणाली, "हितं सांगून काय उपेग? दप्तर वर्गात उलटं केलं व्हतं."

शाबास. माझ्या पोटातलंच बोलली.

शाळा उघडली त्या दिवशी बंडूनं टेम्पो बाहेर लावला आणि तो तिच्याबरोबर वर्गात गेला. हे मला सृष्टीनंच दळताना सांगितलं. तो सगळ्या मुलांसमोर आणि बाईंसमोर उभा राहून म्हणाला, "माजी पोरगी खोटं बोलली न्हवती. गहू आमच्याच घरातनं तिच्या पोटात गेला. म्या सोता वाहून नेला." बाई खाली बघत होत्या. एका मुलानं आपण होऊन तिला आपल्या शेजारी जागा करून दिली.

शेफालीच्या लग्नानंतर मला पुन्हा छिन्नीनं टाचून, धुऊन उन्हात वाळवलं, आणि सृष्टीचं पोट पुन्हा शांत झालं. आता मी कुठंही जात नाही. घाण्याला कुणी मागायला आलं की ठकुबाई सांगते, हितं येऊन भरा, आन् हळकुंडं तेवढी आणा. काहींना राग येतो. येऊ दे.

माझाही राग अजून गेलेला नाही, मित्रांनो. तुमच्या वर्गातही एखादी सृष्टी असेल. तिच्या डब्यात तुमचा चमचा घालू नका. ती नको म्हणाली तर एवढ्याशानं काय होतं, असं म्हणू नका. आणि ती पुन्हा आजारी पडली, तर तिचं दप्तर उलटं करण्याआधी आपल्या घरातलं जातं उघडून बघा.