पहिली मूठ

हिंमतराव पाटलाच्या घरात एखादा देव सापडला असता, तर मच्छिंद्रगुरुजींचा फायदा रोकडा होता. धाराशिवच्या सभागृहातली शाल, व्यासपीठावरची खुर्ची, आणि बेंबळी गावात देव न मानणारा म्हटलं की पहिलं नाव त्यांचं. तोटा त्यांनी मांडलाच नव्हता.

धाराशिवचं एक विचारमंडळ दरसाल एका ‘देवाविना घराचा’ सत्कार करायचं. यंदा त्यांनी हिंमतरावला निवडलं, गुरुजींचं नाव दुसरं राहिलं. हिंमतरावनं मागल्या साली देव्हारा मोकळा केला, देवांचे टाक जळकोटच्या भावाकडं पोचवले आणि त्या जागी पुस्तकं लावली. पेपरात फोटो आला, खाली ‘धाडसी शेतकरी’.

गुरुजींनी पेपर बायकोपुढं, मुक्ताबाईंपुढं टाकला. “बघ! आमच्या आज्यानं छप्पन साली धम्म घेतला, सगळे देव टोपल्यात घालून नदीला सोडले. तवा याच्या आज्याच्या गिरणीनं आमचं दळण घेतलं न्हाय. आमचं धाडस कुणी छापलं?”

मुक्ताबाई भाकरी थापत होत्या. “आज्यानं सोडले. तुमी जन्मला तवा घर साफच हुतं की.”

नेमकं दुखत होतं ते हेच. विहारात वर्षावासाचं ग्रंथवाचन गुरुजींचं, दर रविवारी पंचशील त्यांच्यामागून सगळ्यांनी म्हणायचं. पण उभ्या आयुष्यात त्यांना सोडायला एक देव मिळाला नव्हता. हिंमतरावकडं टाक होते, देव्हारा होता, वर भावकीचा रागसुद्धा होता. पाटलाची सोडण्यातही श्रीमंती!

मग त्यांना कडूबाई आठवली. हिंमतरावची आई, ऐंशीच्या पुढची. माजघरात अंबाबाईची परडी ठेवून होती. दर शुक्रवारी त्या वेताच्या टोपलीला हळदकुंकू लावायची, मूठभर पीठ घालायची आणि ‘उदो’ म्हणायची. सत्काराआधी मंडळी घर बघायला येणार होती. ती शुक्रवारीच येईल, अशी सोय गुरुजींनी फोनवरून लावली. आता परडी माजघरातून ओसरीवर यायला हवी होती.

हिंमतराव रानात गेलेला बघून ते कडूबाईकडं गेले.

“मावशी, शुक्रवारी पाहुणे येणार. परडी ओसरीवरच भरा. लपवायला ती काय चोरीची हाय?”

“पोराचा सत्कार हाय म्हनं.”

“म्हणून देवीनं माजघरात दडून बसायचं?”

कडूबाईनं सुपारी कातरायची थांबवली. “गुरुजी, तुमी तर देव मानत न्हाय. मग माज्या परडीचा लई कळवळा आला?”

“दुसऱ्याच्या श्रद्धेचा मान ठेवतो मी.”

“मंग पहिली मूठ तुमी घाला. तर आनते भाईर.”

गुरुजी चपापले. पण डोळ्यांपुढं शाल हलली. “घालतो.”

“शबूद?”

“शब्द.”

गर्दीत म्हातारी विसरून जाईल, असा त्यांचा अंदाज.

शुक्रवारी मंडळाचे अध्यक्ष कृष्णराज सर दोघांना घेऊन आले. विहार समितीचा राजपालही आला. त्याला गुरुजींनीच आग्रहानं बोलावलं होतं. पाटलाची फजिती बघायला आपला माणूस नको? हिंमतरावनं सतरंजी अंथरली, चहा दिला. सरांची नजर ओसरीच्या कोपऱ्यात गेली आणि कप हातातच राहिला.

“पाटील, हे काय?”

“आईची परडी.”

“पण घर तर देवाविना...”

“माझे देव होते, ते मी काढले. परडी तिची. ती मी कशी काढू?”

सरांचा चेहरा उतरला. गुरुजींनी आनंद कसाबसा चहाबरोबर गिळला. तेवढ्यात कडूबाईनं पिठाचं ताट पुढं सरकवलं.

“या गुरुजी. पहिली मूठ तुमची. शबूद दिलाय तुमी.”

सगळ्या माना वळल्या. राजपालनं भुवया चढवल्या. “कसला शब्द, गुरुजी?”

मूठ घातली तर विहारातली जागा गेली, आज्यानं साफ केलेलं घर बाटलं. शब्द दिलाच नाही म्हणावं तर पंचशीलातलं चौथं शील मोडलं. खोटं बोलणार नाही, हे ते पोरासोरांकडून घोकून घेत. देव मानणाऱ्याला बरं असतं, चुकलं की कान धरून मोकळा. गुरुजींना माफ करायला वर कुणी नव्हतं. आजवर त्याचाच त्यांना तोरा होता.

“मावशींचा... काहीतरी घोटाळा होतोय,” ते म्हणाले.

कडूबाईचा हात ताटावरच राहिला. हिंमतरावनं आईकडं पाहिलं, मग गुरुजींच्या कपाळावरच्या घामाकडं पाहिलं.

“व्हय आये, घोटाळा झाला तुझा. शब्द म्या दिला हुता.”

त्यानं ताटातलं पीठ मुठीत घेतलं आणि परडीत टाकलं. हात जोडले नाहीत, की कपाळाला बोट लावलं नाही. गिऱ्हाइकाचं माप घालावं तसं घातलं. ‘उदो’ कडूबाई एकटीच म्हणाली. राजपालनं गुरुजींकडं अभिमानानं पाहिलं आणि सरांनी चहा अर्धाच ठेवला.

शाल गुरुजींना मिळाली. ‘तीन पिढ्या देवाविना’ असं पेपरात छापून आलं. मुक्ताबाईंनी ते दोनदा वाचलं आणि विचारलं, “पाटलाचं काय बिनसलं म्हनं?” गुरुजींना त्याच वेळी उन्हात घातलेल्या डाळीची आठवण झाली.

रविवारी विहारात त्यांनी पंचशील सांगितलं. चौथ्या शीलाला आवाज खाली गेला. मागून राजपाल म्हणाला, “मोठ्यानं, गुरुजी.”

परतताना हिंमतराव भेटला. “शाल शोभली हो गुरुजी,” एवढंच बोलून सायकल हाणत गेला. ना त्यानं गावात कुठं ब्र काढला होता, ना आता डोळ्यात तसं काही होतं. गुरुजी वाटेतच थांबून मोजायला लागले. आधी टाक, मग देव्हारा, आता शाल. सोडायला दर वेळी यालाच कसं काहीतरी सापडतं?

शेवटी हिशेब असा बसला. पीठ कडूबाईचं गेलं, वर तिलाच आपल्या ओसरीवर खोटं पडावं लागलं. शाल हिंमतरावची गेली. गुरुजींनी पाळायचा होता एक शब्द, तोही हिंमतरावनंच भरला.