दोरीवरचा रोवणा

पऱ्हे, म्हणजे धानाची कोवळी रोपं, वेळेत उपटले नाहीत तर रोप जागच्या जागी म्हातारं होतं, मग बांध घातलेल्या कितीही चांगल्या बांधीत नेऊन लावा, ते फुटवे धरत नाही. कांताबाई नववीच्या वर्गाला हे शिकवत होत्या, तेव्हा त्यांच्या स्वतःच्या बांधीच्या कोपऱ्यात धानाचे पऱ्हे पिवळे पडत चालले होते. शाळेच्या खिडकीतून तो कोपरा दिसायचा. बाईंनाही दिसायचा, भिंतीवरचं बंद पडलेलं घड्याळ दिसतं, तसा.

वैशाखात तळ्याच्या पाळीवर बसल्या बसल्या त्यांचा नवरा अमर गेला. तेव्हापासून बाईंना रडू आलं नव्हतं, रागही आला नव्हता. भात शिजायचा, त्या खायच्या, भांडं घासायच्या. धाकट्या दिरानं, हेमराजनं, आपले पऱ्हे टाकताना वहिनीचेही टाकून दिले होते. पुढचं काम मात्र त्यानं थांबवून ठेवलं होतं.

"वहिनी, तुमी म्हणान तवा टॅक्टर घालतो. तुमच्या सांगण्याबिगर भाऊच्या बांधीत चिखल नाई करत मी."

तो रोज सांगे. बाई रोज म्हणत, "पाहू."

वर्गात शेती व्यवस्थापनाचा धडा चालला होता. "व्यवस्थापन म्हणजे फार मोठं काही नाही," बाई म्हणाल्या. "आपल्याजवळ काय आहे ते पाहायचं, काय नाही तेही पाहायचं, आणि वेळ निघून जायच्या आत ठरवायचं." मग त्यांनी गट पाडले. प्रत्येक गटानं गावातली एक शेती निवडायची आणि मालकाला विचारायचं: जमीन कशी, पाणी कुठून, कामाला घरचं कोण, यंदा काय करणार.

"बाई, आमची बांधी नका देऊ कोणाले," विक्की म्हणाला. "तिथी धानापेक्षा खेकडे जास्त हायेत."

"मंग खेकड्याचं व्यवस्थापन सांग ना," नंदिनी म्हणाली, आणि वर्ग हसला. आपल्यालाही हसू येईल म्हणून बाई जरा थांबल्या. आलं नाही.

"अन् मालकानं काही ठरवलंच नसन तर?" नंदिनीनं विचारलं.

"तर त्याच्याजवळ बसायचं. उत्तर मिळाल्याशिवाय उठायचं नाही."

शुक्रवारी संध्याकाळी नंदिनी आणि विक्की बाईंच्या घरापुढच्या छपरीत येऊन उभे राहिले.

"बाई, आमच्या गटानं तुमची शेती घेतली."

"माझीच काऊन?"

"शाळेतून तीच दिसते," विक्की म्हणाला.

बाईंनी बसायला चटई टाकली. जमीन कशी? कन्हार, पाणी धरून ठेवणारी. पाणी कुठून? तळ्याचं, पाटानं येतं. तिसरा प्रश्न नंदिनीनं तोंडात थोडा वेळ धरून ठेवला. विक्की आपल्या पायाच्या अंगठ्याकडे पाहू लागला.

"कामाले घरचं कोण?"

"मी."

"अन्..."

"मीच."

"यंदा काय करणार?"

अंगणात कोंबडी पिल्लांना घेऊन खुराड्यात गेली. पोरं उठली नाहीत. बाई आत गेल्या, तांदूळ धुतले, चुलीवर ठेवले, बाहेर आल्या. पोरं तिथंच.

"बाई, मच्छर चावून राह्यले," विक्की म्हणाला.

"मग घरी जा."

"तुमीच म्हटलं, उठायचं नाई."

आतून भाताच्या पेजेचा वास येत होता. बाईंनी खांबाला हात लावला आणि वर्गातल्याच आवाजात, फळ्यावरचं वाचून दाखवावं तशा म्हणाल्या, "उद्या चिखल. रविवारी रोवणा. हेमराजभाऊजींना सांगून या. लवकर जा, नाहीतर ट्रॅक्टर दुसरीकडे जाईल."

पोरं पळाली. चटई तशीच पडून राहिली.

रविवारी गोकुळाबाई धानाची रोपं रोवणाऱ्या आपल्या बायांना घेऊन बांधावर आली. गावात तिच्याइतके रोवणे कुणी पाहिले नव्हते. या गावची रीत अशी की ज्या घरचं माणूस गेलं, त्याच्या बांधीत त्या साली रोवण्याची गाणी म्हणायची नाहीत.

"गाणं नसलं का हात मागंपुढं होते वो मास्तरीनबाई," गोकुळाबाई लुगडं खोचत म्हणाली. "एक बाई तळ्याकडं जाईन, एक मोहाच्या झाडाकडं. गाणंच तं ओळ धरते."

बाईंनी पिशवीतून शाळेची दोरी काढली, ठरावीक अंतरावर गाठी मारलेली. विक्कीनं एका बांधावर टोक धरलं, नंदिनीनं दुसऱ्या. बाई पदर खोचून बायांच्या ओळीत उतरल्या. गाठीपाशी रोप, गाठीपाशी रोप. ओळ संपली की बाई म्हणत, "उचला." दोरी मागं सरके. पाण्यात बोटं बुडत, निघत. दुसरा आवाज नव्हता.

दुपारी पलीकडच्या बांधीत रोवणा सुरू झाला आणि वाऱ्यावर गाणं आलं:

पाण्यात माझे पाय, पाठीवर आभाळ,
हिरव्या मुठीपायी वाकली गं सकाळ.

गोकुळाबाईचा हात त्या चालीवर पडू लागला. शेजारणीचाही. ओळ दोरी सोडून थोडी वाकली. गोकुळाबाईच्या ध्यानात आलं, ती थबकली आणि तिनं बाईंकडे पाहिलं. बाई ती वाकलेली ओळ पाहत होत्या. अमर बांधावरून रोपांच्या मुठी फेकायचा, तेव्हा बाया गाण्यावर रोवत आणि त्यांच्या बांधीतल्या सगळ्या ओळी अशाच, एकसारख्या वाकड्या असत.

"उपटून सरळ करू?" गोकुळाबाईनं विचारलं.

"नको. राहू द्या." मग त्या म्हणाल्या, "उचला."

दिवस कलला तेव्हा शेवटची बांधी झाली. पिवळी रोपं पाण्यात माना टाकून उभी होती.

"धरतील का हो?"

"म्हातारे हायेत. काई धरन, काई नाई. आठवड्यानं मेलेल्या रोपाच्या जागी खाडे भराले याव लागन."

"याल?"

"बोलवान तं येऊ."

"बोलावते," बाई म्हणाल्या.

विक्कीनं दोरी धुऊन गुंडाळली. नंदिनी बांधावर उकिडवी बसली होती.

"बाई, चौथ्या प्रश्नाचं उद्या वर्गात काय सांगू?"

"सांग, रोवणा उशिरा झाला. धान कमी होईल. बांधी पडीत राहिली नाही."

"अन् उशीर काऊन झाला म्हनलं तं?"

"मालकानं ठरवलं नव्हतं म्हणून."

पोरं गेली, बाया गेल्या. बाई चिखलातच उभ्या राहिल्या. पायांना चिखल गार लागत होता. तेवढं कळत होतं.