ड्रमवाल्यासाठी रजा

ड्रमवाला मेला. पण हे तुम्हाला अजून ठाऊक नाही असं धरून चालू, कारण हॉस्पिटलच्या तळघरात चादरी धुणाऱ्या मावशींनाही ते ठाऊक नव्हतं. त्या अजून पान दोनशे दहावर होत्या.

कादंबरी आली होती मळक्या चादरींच्या गाठोड्यातून. कवळ्या येतात, चष्मे येतात, तशीच. न्यायला कुणी फिरकलं नाही, म्हणून मावशींनी ती धुलाईच्या मशीनच्या आखूड पायाखाली सरकवली. जाड पडली. अर्धी फाडावी म्हणून उघडली आणि तिथेच घात झाला.

गोष्ट एका रॉक बँडची. मावशींच्या लेखी रॉक म्हणजे डोकेदुखी. पण गाणाऱ्याच्या नाकावर असा काही राग आणि गिटारवाला असा काही आतल्या गाठीचा, की पुस्तक सोडवेना. त्यात सगळ्यांच्या मागे बसणारा ड्रमवाला. गाडी बिघडली की खाली हाच शिरणार, दोघं भांडले की मध्ये हाच पडणार. फोटोत मात्र अर्धा खांदा.

पायाखालचं पुस्तक निघाल्यापासून मशीन पुन्हा धाडधाड नाचू लागलं होतं. मावशींची तक्रार नव्हती. वाचनाला साथ होती.

पान दोनशे अकरावर त्यांनी मशीन बंद केलं.

सुपरवायझर जिना उतरून आला. "काय बिघडलं, मावशी?"

"काही नाही. माणूस गेलं. चार दिवस रजा पाहिजे."

"अरेरे. कोण?"

"ड्रमवाला." त्यांनी पुस्तक पुढे केलं.

सुपरवायझरने आधी पुस्तकाकडे पाहिलं, मग मावशींकडे. "अहो, हा खोटा आहे."

"तुम्ही वाचलंय?"

"नाही."

"मग."

सुपरवायझर तसा वाईट नव्हता. त्याने आवाज खाली आणला. "चुलतभाऊ लिहा. आत्ता सही करतो."

"चुलतभाऊ ठणठणीत आहे. आणि तो गेला तर मी रजा घेणार नाही."

"नोकरीवर येईल हं. तुमचे यजमान गेले तेव्हासुद्धा तिसऱ्या दिवशी कामावर होतात तुम्ही."

"होते. चादरी तुंबल्यात म्हणून निरोप धाडला होतात." मावशींनी कपाटाकडे बोट केलं. "ऑपरेशनच्या चादरी धुऊन ठेवल्यात, पेशंटचं काही अडणार नाही. बाकीच्या आता तुंबू देत."

सुपरवायझरने खिशातला पेन काढून दिला. "निदान नातं तरी लिहा काहीतरी."

मावशींनी इस्त्रीच्या टेबलावर कागद पसरला आणि लिहिलं:

'मा. अधीक्षक साहेब, मयताशी अर्जदाराचे नाते नाही व खोटे लिहिले जाणार नाही. रजा नियमात बसत नसल्यास सदर ड्रमवाल्यास पान दोनशे अकरापासून बँडमध्ये पूर्ववत रुजू करून घेण्यात यावे, ही विनंती. तसे होताच अर्जदार मशीन सुरू करील.'