बुडख्याचं कुंकू

महाशिवरात्र दारात येऊन ठेपली होती आणि महादेवाच्या जुन्या मंडपाचा एक कोपरा अजून टेकूंवरच तोललेला होता. तळ्याच्या पाळीवरचा हा सागवानी मंडप; तळं खोदणाऱ्यांनीच तो उभा केला असं गावात सांगत. कोपऱ्यातला खांब उधईनं पोखरला, म्हणून मुर्रीहून उमराव मिस्त्रीला बोलावलं होतं. नवा खांब कालच उभा राहिला. आता टेकू काढले, की छपराचा भार त्याच्यावर यायचा.

उमराव पायरीला पाठ लावून बसला होता. हातातला चहा कधीच निवला होता. उजवा खांदा त्याला कानापर्यंत उचलता येत नव्हता. हे शेवटचं काम, असं तो घरून निघतानाच बोलला होता. त्याची बायको दुर्पता जवसाच्या तेलात फडकं बुडवून नव्या खांबाला चोळत होती. नवऱ्याच्या हातून हे देवाचं काम धड पार पडावं, म्हणून खांब भार घेईपर्यंत एकवेळच जेवायचं व्रत तिनं धरलं होतं. तेही सांज झाल्यावर, महादेवाला बेल वाहून.

तेल मुरलं तसं लाकूड बोलू लागलं. रेषा उठल्या. छातीच्या उंचीवर एक गाठ होती, फांदी फुटली होती तिथली. दुर्पतानं तिच्यावरून बोट फिरवलं आणि बोट तिथंच थांबलं. फांदी कधी मातीकडे जात नाही, उजेडाकडे जाते. लाकडातली तिची रेघही खोडातून निघून वर चढायला हवी. ही रेघ खाली उतरत होती.

खांब उलटा होता.

जमिनीकडचं टोक खाली यायला हवं आणि आभाळाकडचं वर. झाड जसं उभं होतं तसाच खांब उभा करायचा, हा सुतारांचा धरम. उमरावच्या घरात त्याला आणखी एक रीत जोडलेली. लाकूड आलं, की हत्यार लागायच्या आधी घरच्या बाईनं बुडख्याकडच्या, म्हणजे मुळाकडच्या टोकाला हळदकुंकू लावायचं. मग मिस्त्री त्यावर पुन्हा विचार करत नसे. कुंकू लागलं ते बूड. सासूनं हे काम दुर्पताच्या हाती दिलं, त्याला जन्म लोटला होता.

लाकूड उतरलं ती दुपार तिला आठवली. डेपोतून चारी बाजू कापून आलेलं लाकूड. कुठलं टोक जाड, काही कळेना. पोटात काही नाही, उन्हानं डोळ्यांपुढे काजवे. सावलीकडच्या टोकाला तिनं घाईनं बोटं टेकवली आणि जाऊन पडली. ते कुंकू आता खांबाखाली, दगडाच्या खाचेत दबलं होतं.

"काय वो वैनी, खांबाशी बोलून राहिली का?" मंडपाचं काम पाहणारा भोजराज दोन गडी घेऊन आला होता. त्याच्याच वाडवडलांनी हे तळं बांधलेलं. "मिस्त्री, उठा गा! टेकू काढू. दुपारी रंगवाले येतेत."

उमराव पायरीला धरून उठू लागला. उठताना त्याच्या तोंडून बारीक कण्हणं निघालं. दुर्पताला वाटलं, गप्प बसावं. कोणाला दिसणार आहे? हा माणूस हे ओझं पुन्हा कसा उचलेल? पण टेकू निघाले, की मग खांब हलायचा नव्हता.

ती त्याच्याजवळ गेली. "अवो," ती हळूच म्हणाली, "खांब उलटा हाये. कुकू माह्या हातानं चुकलं."

उमरावनं तिच्याकडे पाहिलंही नाही. "मले मालूम हाये."

"कधीपासून?"

"उभा केला तवाच. गाठ दिसली."

"मंग बोलले काऊन नाही?"

"तू उपाशी. तुह्या हातचं कुकू खोटं कसं म्हनू?" तो थांबला. "आन खरं सांगू? खांदा उरला नाही वो."

दुर्पताच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पदरानं टिपून ती वळली. गड्यानं पहिल्या टेकूला हात घातला होता.

"थांबा भाऊ. टेकू काढू नोका. खांब उलटा बसला. चूक माही हाये, मिस्त्रीची नाही."

भोजराज आधी हसला. मग चिडला. "सन तोंडावर आला न् हे आता सांगता? राहू द्या. कोनाले दिसते?"

"तेल लावनाऱ्याले दिसते," ती म्हणाली. "तुमच्या आजीच्या तोंडची म्हन हाये ना भाऊ, उलटा खांब, कोरडं तळं?"

भोजराजनं पाळीपलीकडे, उन्हात चकाकणाऱ्या पाण्याकडे पाहिलं. मग गड्यावर खेकसला, "पाहून काय राहिला बे? कोहमारा फाट्याच्या ढाब्यावरून ट्रकचा जॅक आन. रंगवाल्याले सांग, उद्या ये."

जॅक आला. कौलं करकरली, माती झडली, छप्पर बोटभर वर उचललं गेलं. दोन्ही टोकांच्या, खाचेत बसणाऱ्या खुंट्या सारख्याच होत्या, एवढी महादेवाची कृपा. खांब आडवा झाला तेव्हा खालच्या टोकाला ते कुंकू तसंच होतं, दगडाच्या भुकटीत माखलेलं. दुर्पतानं ते ओल्या फडक्यानं पुसलं. मग बोटं कुंकवात बुडवून दुसऱ्या टोकाशी बसली.

"येथीच ना?" तिनं विचारलं.

"येथीच. लाव."

तिनं लावलं. तेवढ्यात भोजराजच्या घरून वरणभाताचा डबा आला. उमरावनं भात कालवून थाळी तिच्यापुढे सरकवली.

"खांब आडवा हाये अजून," ती म्हणाली. "व्रत मोडंल."

"मोडू दे. माह्या खांद्यात जोर नाही, तुह्या पोटात दाना नाही. असा खांब कोन उभा करंल? मले तुहे डोये पायजेत, गाठ पाहाले."

ती पहिला घास पानावर काढून पिंडीसमोर ठेवून आली आणि भर दुपारी जेवायला बसली.