माझा डावा हात आणि वाटाण्याची जीभ

मित्रांनो, मी एक जुनी, गुबगुबीत, हातांची खुर्ची आहे, आणि मी वैतागले आहे. जुन्या वस्तूने आपली कहाणी सांगायची म्हणजे हळू आवाजात, गळा दाटून आल्यासारखी सांगायची अशी पद्धत आहे. मला ते जमणार नाही. चार महिने तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्ला की कुणालाच जमत नाही. सगळं माझ्या डोळ्यांदेखत, खरं म्हणजे माझ्या मांडीवरच घडत होतं आणि मला एक अक्षर बोलता येत नव्हतं. आता बोलते.

माझा जन्म एका सुताराच्या हातून झाला. माणूस कमी बोलायचा आणि लाकूड जपून कापायचा. त्याने मला जड पाय दिले, बैठकीखाली सात स्प्रिंगा बसवल्या, वर कापसाचा थर दिला आणि जाड विणीचं हिरवं कापड ताणून ठोकलं. दोन्ही हातांवर गोल गाद्या केल्या. बैठक आणि हात यांच्यामध्ये मात्र चार बोटं जातील एवढी फट राहिली. "राहू दे, हवा खेळेल," असं तो स्वतःशीच म्हणाला. ही फट लक्षात ठेवा. तिथे हवा कधी खेळली नाही, पण बाकी बरंच काही गेलं.

मला विकत घेतलं एका घड्याळजीने. त्याच्या चिंचोळ्या दुकानात मी गिऱ्हाइकांसाठी होते. एकोणतीस वर्षं मी तिथे लोकांना बसवून घेतलं. लोक यायचे आणि सांगायचे, "काटे बिघडलेत. जरा सरळ करून द्या." घड्याळजी भिंग डोळ्याला लावायचा, झाकण उघडायचा आणि दर वेळी तेच म्हणायचा, "काट्यांचा दोष नसतो हो. काटे बिचारे आतलं दाखवतात. आत बघू या." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की ते माझ्या कापसात मुरलं. तेव्हा माझं कौतुकही फार होतं. एक म्हातारी गिऱ्हाईक तर घड्याळ नीट चालत असतानाही यायची, तासभर माझ्यावर टेकायची आणि जाताना म्हणायची, "खुर्ची असावी तर अशी."

घड्याळजी थकला, दुकान बंद झालं, आणि तो मला घरी घेऊन आला. घरात तो आजोबा होता. मुलगा विजेची कामं करणारा, सून शाळेत गणित शिकवणारी आणि दहा वर्षांची नात, जिला सगळे चिमी म्हणत. मला खिडकीपाशी जागा मिळाली. दोनच महिन्यांनी चिमीच्या हट्टापायी एक कुत्रा आला. कुत्रा कसला, मूठभर जीव. आजोबांच्या दोन तळव्यांत मावायचा, म्हणून त्याचं नाव पडलं वाटाणा.

वाटाणा माझ्यावर झोपायचा. चौथ्या स्प्रिंगेवर, गोल वळकटी करून. एवढ्याशा अंगाची एवढी ऊब असते हे मला तोवर माहीत नव्हतं. दुकानात एवढी माणसं माझ्यावर बसली, पण माझ्यावर जीव टाकणारा हा पहिलाच. मला तो फार आवडायचा, हे सरळ सांगून टाकते.

वर्षभर सगळं छान चाललं. मग त्याने चाटायला सुरुवात केली.

आधी माझा डावा हात. कुत्रे चाटतातच, पण हे तसं नव्हतं. एकाच जागी, एकाच लयीत, पाऊण पाऊण तास. मध्येच थांबायचा, रिकामाच घोट गिळायचा, ओठांवरून जीभ फिरवायचा आणि पुन्हा सुरू. मग जमीन चाटू लागला. मग भिंतीचा खालचा भाग, मग चिमीचं दप्तर. माझं हिरवं कापड आधी ओलं राहू लागलं, मग पांढुरकं झालं, मग झिजून त्याचे दोरे निघाले.

घरात शहाण्यांची काही कमी नव्हती. मुलगा म्हणाला, "खुर्चीला घामाचं मीठ लागलेलं असणार." सून म्हणाली, "दिवसभर एकटा असतो, कंटाळतो." चिमी म्हणाली, "प्रेम करतो तो." आणि आजोबा, ज्यांनी एकोणतीस वर्षं लोकांना आत बघायला शिकवलं, ते म्हणाले, "वाईट खोड आहे. मोडायला हवी." मग माझ्या हाताला कसलंतरी कडूजहर औषध फासलं. वाटाण्याने तोंड वाकडं केलं आणि उजवा हात चाटायला घेतला. उजव्यालाही फासलं, तर तो माझ्या पायांशी बसून फरशी चाटू लागला. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, म्हणतात ते हेच. त्यात पखाल मी.

मला कारण माहीत होतं, मित्रांनो. झोपलेल्या वाटाण्याच्या पोटातली गुडगुड माझ्या चौथ्या स्प्रिंगेला रोज ऐकू येत होती. पोटात ढवळलं की तो दचकून उठायचा, घोट गिळायचा आणि चाटू लागायचा. चाटलं की त्याला घटकाभर बरं वाटायचं. म्हणजे त्याची जीभ हा घड्याळाचा काटा होता. बिघाड पोटात होता.

आणि पोट का बिघडलं तेही मला माहीत होतं, कारण ते बिघडवणारे चौघेही माझ्यावरच बसायचे.

घरात सुनेचा नियम होता. वाटाण्याला दोन वेळा जेवण, तेही कपाने मोजून, त्यापलीकडे एक कणही नाही. नियम चांगला होता. पण सकाळी सहाला आजोबा चहा घेऊन माझ्यावर टेकायचे. वाटाणा त्यांच्याकडे बघत जीभ फिरवायचा. "भूक लागली का रे तुला? ती बया कपाने मोजते," असं पुटपुटत ते चहात बुडवलेलं बिस्कीट त्याच्या तोंडात घालायचे. एक नाही, तीन. दुपारी चिमी शाळेतून आली की डब्यातलं उरलेलं सँडविच त्याला. संध्याकाळी मुलगा दमून यायचा, वेफरचं पाकीट फोडायचा आणि म्हणायचा, "तू तरी सुखाने खा बाबा." आणि नियम करणारी स्वतः सून? रात्रीच्या जेवणानंतर ती वह्या तपासायला माझ्यावर बसायची, मांडीवर वाटाणा, आणि वहीआड चीजचे तुकडे. "कुणाला सांगू नकोस हं," असं ती त्याला सांगायची. त्याला! जणू तो दुसऱ्या दिवशी सभा घेणार होता.

प्रत्येकाला वाटत होतं, देणारा आपण एकटाच, आणि एवढ्याशाने काय होतंय. चार एवढेसे मिळून त्या मूठभर पोटात रोज केवढं जात होतं याचा हिशेब गणिताच्या बाईंनासुद्धा लागला नाही. वाटाण्याला मळमळलं की तो चाटायचा, त्याने चाटलं की यांना वाटायचं भुकेला आहे, म्हणून आणखी द्यायचे, आणि त्याला आणखी मळमळायचं. मी आतल्या आत ओरडत होते. माझ्या स्प्रिंगा करकरायच्या, तेव्हा मुलगा म्हणायचा, "हिला तेल द्यायला हवं."

देताना कुणाची चाहूल लागली तर काय करायचे, माहीत आहे? हातातला तुकडा पटकन माझ्या फटीत कोंबायचे. चौघेही, त्याच फटीत, वाटाण्याचं तोंड पोचणार नाही इतकं खोल.

शेवटी जनावरांच्या डॉक्टरीणबाई घरी आल्या. त्यांना बसायला मलाच पुढे केलं. त्यांनी वाटाण्याला मांडीवर घेतलं, दात पाहिले, पोट दाबून पाहिलं. तो कळवळला आणि ओठ चाटू लागला. त्या म्हणाल्या, "कुत्रा असं जमीन, भिंती, खुर्च्या सारखं चाटायला लागला की आम्ही आधी पोटाची चौकशी करतो. बऱ्याचदा मळमळ असते. कधी दुसरं दुखणं असतं, कधी नुसती सवय. जेवणाशिवाय हा काय काय खातो?"

"काहीही नाही," सून म्हणाली. "दोन वेळा, कपाने मोजून."

डॉक्टरीणबाईंनी एकेकाकडे पाहिलं. "नक्की ना? एखादं बिस्कीट वगैरे?"

आजोबांनी चष्मा पुसायला घेतला. मुलगा म्हणाला, "छे, आमच्याकडे शिस्त आहे." चिमीने आईकडे पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली. आणि त्या बाई कुठे बसल्या होत्या? माझ्यावर. त्यांच्या मांडीपासून वीतभर अंतरावर, फटीत, कित्येक महिन्यांचा पुरावा भरलेला होता. मला तेव्हा जो संताप आला तो मी आजवर विसरलेले नाही.

डॉक्टर झाली तरी लोक सांगतील त्यावरच जाणार. रक्त तपासलं, पोटाचा फोटो काढला, त्यात काही निघालं नाही. "बाहेरचं खरंच काही जात नसेल, तर सवय असू शकेल," असं त्या म्हणाल्या. झालं. घराने तेवढंच ऐकलं.

पुढचा महिना वाईट गेला. वाटाण्याची जीभ लाल झाली. तो माझ्यावर वळकटी करेना, उकिडवा बसून राहायचा. एके दिवशी तो सुनेच्या तपासलेल्या वह्यांवर ओकला, आणि मुलाचा धीर सुटला. "बास झालं. ताईकडे मोकळं अंगण आहे, तिकडे पाठवू. रविवारी येऊन घेऊन जाईल ती. आणि ही खुर्चीही आधी नीट करून घेऊ, बघवत नाही हिच्याकडे."

ताई म्हणजे चिमीची आत्या, दुसऱ्या गावची. चिमी माझ्याजवळ जमिनीवर बसली आणि वाटाण्याच्या पाठीवर हात फिरवत राहिली. आजोबा खिडकीबाहेर बघत होते. त्या संध्याकाळी चौघांनीही, वेगवेगळे येऊन, त्याला नेहमीपेक्षा दुप्पट खाऊ दिला. जाणार म्हणून. मला वाटलं, आता हा पोरका होणार, आणि आत्याकडेही कुणीतरी त्याला भुकेला समजून बिस्कीट देणारच. खरं सांगते, मला माझ्या कापडाची फिकीर उरली नव्हती.

शनिवारी सकाळी गादीवाला आला. तोंडात बारीक खिळे धरून काम करणारा, पोक्त माणूस. मला पुढच्या खोलीत आडवं केलं. जुने खिळे निघाले, हिरवं कापड टरकन फाटलं. दुखलं. पण मी मनात म्हणत होते, फाड बाबा, अजून फाड. त्याने फटीत हात घातला आणि तोंडातले खिळे काढून हातात घेतले.

"ताई, जरा इकडे या," त्याने सुनेला हाक मारली. "तुमच्याकडे उंदरांना जेवायला बोलावता का?"

त्याने जमिनीवर कागद पसरला आणि एकेक वस्तू काढून ठेवू लागला. चहात भिजून वाळलेल्या बिस्किटांचे गोळे. पावाच्या कडा. वेफरची चार चुरगळलेली पाकिटं, आत चुरा तसाच. चांदीच्या कागदातले चीजचे तुकडे, दगड झालेले. कागद भरला. सगळे गोळा झाले. वाटाणा मागे उभा राहून फरशी चाटत होता.

सून बिस्किटांकडे बोट दाखवून म्हणाली, "बाबा, हे तुमचं."

"हो," आजोबा म्हणाले. "आणि सूनबाई, चांदीचा कागद?"

सुनेचे कान लाल झाले. मुलाने गुपचूप एक पाकीट पायाखाली सरकवायला घेतलं, तर चिमी म्हणाली, "बाबा, ते पण तुमचंच आहे. पावाच्या कडा माझ्या." गादीवाल्याने खिळे परत तोंडात टाकले. तेवढाच शहाणा माणूस होता तो त्या खोलीत.

आजोबा गुडघे धरत खाली बसले. त्यांनी वाटाण्याला उचललं, त्याच्या पोटाला कान लावला, आणि किती वेळ तसेच राहिले. दुकानात घड्याळाला लावायचे, तसाच. माझ्या चौथ्या स्प्रिंगेने चार महिने जे ऐकलं, ते त्यांनी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

"काट्यांचा दोष नसतो," ते म्हणाले. "जन्मभर लोकांना सांगितलं मी हे. आणि घरात मी काटेच पिरगळत बसलो."

सुनेने डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि खरं ते सगळं सांगितलं. स्वतःचं चीज आधी. मुलाने बहिणीला फोन केला, "ताई, नको येऊस. आलीस तर नुसती भेटायला ये, आणि येताना खाऊ आणू नकोस."

महिनाभर साधं जेवण आणि औषध. वाटाण्याचं चाटणं एका दिवसात गेलं नाही, हळूहळू ओसरलं. मला निळं कापड मिळालं आणि गादीवाल्याने न विचारता माझी फट दोन्ही बाजूंनी शिवून टाकली. आता माझ्यात काही लपवता येत नाही.

तरी माझा राग पुरता गेलेला नाही, मित्रांनो. बोलता न येणाऱ्याला त्याचं दुखणं सांगायला किती जागा असते? एक जीभ. ती त्याने चार महिने वापरली, आणि चार माणसांनी ती थांबवायचेच उपाय केले. तुमच्या घरीही एखादा मुका जीव असेल. तो तीच ती गोष्ट पुन्हा पुन्हा करू लागला, तर त्याला दटावण्याआधी का करतो ते शोधा. आणि डॉक्टरांनी विचारलं तर खरं सांगा, बिस्किटासकट.

काल सकाळी आजोबा चहा घेऊन माझ्यावर टेकले. वाटाणा उडी मारून वर आला आणि त्याने माझा निळा हात एकदा चाटला. आजोबांचा हात सवयीने बशीतल्या बिस्किटाकडे गेला. मग थांबला. त्यांनी कप खिडकीत ठेवला, तळवा वाटाण्याच्या पोटाखाली धरला आणि विचारलं, "काय होतंय रे?"

वाटाण्याने आणखी एकदा चाटलं, चौथ्या स्प्रिंगेवर वळकटी केली आणि डोळे मिटले. पोटात काही गुडगुडत नव्हतं. आजोबांनी हात मात्र काढला नाही. चहा निवून गेला.