चाळीस पावलं, माझी

हिमानीला बघायला येणाऱ्यांची मोजदाद तिच्या काकूनं केव्हाच सोडून दिली होती. मंडळी यायची, पोहे संपवायची, मुलगी ट्रे घेऊन आत वळली की तिच्या उजव्या पायाकडं बघायची आणि "कळवतो" म्हणून जायची ती जायचीच. लहानपणी फर्दापूरच्या घाटात जीप उलटली होती. पाय जुळला, पण आखूड राहिला. बाकी तिच्यात खोट काढायला जागा नव्हती. शिवणक्लास झोकात चालवायची, गावातल्या निम्म्या पोरी तिच्या हाताखाली ब्लाउज शिकल्या होत्या आणि जीभ कात्रीपेक्षा कमी चालत नव्हती.

सुदर्शन आला तो एकटाच. वाळूजच्या कारखान्यात सुपरवायझर, बायको जाऊन चार वर्षं झालेली, अकरा वर्षांची मुलगी पदरात. त्यानंही पायाकडं पाहिलं, पण चोरून नाही. ती चहा ठेवून आत जाईपर्यंत पाहत राहिला, मग म्हणाला, "अजून एक कप मिळंल का?" ती पुन्हा आली, पुन्हा गेली. पोह्यांना हातही न लावता त्यानं तिथंच होकार दिला. काकूनं आनंदाच्या भरात साखरेचा डबा लवंडला.

लग्नाला सहा-सात महिने झाले तरी हिमानीच्या डोक्यातून एक गोष्ट जात नव्हती: ह्या माणसाला माझ्यात काय दिसलं? विचारायची हिंमत नव्हती. हिंमत नव्हती म्हणजे काय, उत्तर तिनं स्वतःच ठरवून टाकलं होतं. त्यानं पाय पाहिला आणि पायाच्या पलीकडं मला पाहिलं, असं. रोज भाकरी थापताना ती हे उत्तर मनातल्या मनात म्हणून बघायची आणि गालातल्या गालात हसायची. इतकी वर्षं उपाशी राहिलेल्या माणसाला एवढा घास पुरतो.

घर मात्र विचित्र होतं. पहिल्याच दिवशी ती जिना चढत असताना शेजारच्या साळूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला, आत गेल्या आणि कडी घातली. हिमानीला असल्या नजरांची सवय होती, तिनं मनावर घेतलं नाही. मनाला लागायची ती मुलगी. संस्कृती उलट बोलायची नाही, ताटात टाकायची नाही, पण हिमानीला कशानंच हाक मारायची नाही. सुदर्शननं मावशी म्हण म्हणून सांगून पाहिलं. ती मान डोलवायची आणि "अहो" म्हणायची. हिमानी स्वयंपाकघरातून हॉलमध्ये आली की पोरगी पुस्तक मिटायची आणि डोळेही मिटायची. तोंडसुद्धा बघायचं नाही माझं, हिमानी मनात म्हणायची आणि भांडी जरा जोरातच ठेवायची.

एका दुपारी हिमानी कपडे वाळत घालून आली, तर संस्कृती फरशीला कान लावून आडवी झालेली.

"काय गं, बरं नाय का?"

"गार वाटतं."

डिसेंबर चालू होता. हिमानीच्या अंगावर काटा आला आणि का आला ते तिचं तिलाच कळेना.

भिंतीवर रत्नमाला होती. सुदर्शनची पहिली बायको. मोठ्या डोळ्यांची, जाड वेणीची, एका फोटोत खुर्चीवर बसलेली, एकात किल्ल्याच्या दरवाजात उभी. ती चित्रकलेचे क्लास घ्यायची आणि ह्या घराला एक खूळ लावून गेली होती. लेटरबॉक्सिंग त्याचं नाव. खेळ साधा होता. डब्यात एक हातानं कोरलेला शिक्का आणि एक कोरी वही घालायची, डबा डोंगरात कुठंतरी दडवायचा आणि त्याचा माग शब्दांत सांगून ठेवायचा. ज्याला सापडेल त्यानं डब्यातला शिक्का आपल्या वहीत उमटवायचा, आपला शिक्का डब्यातल्या वहीत उमटवायचा आणि डबा होता तिथं ठेवून यायचं. रत्नमालानं खोडरबर कोरून कोरून घोरपडी केल्या, सीताफळं केली, पाणचक्की केली. रविवार आला की ही तिघं पाण्याच्या बाटल्या घेऊन टेकड्या तुडवायची. सगळे डबे सापडले होते. एक सोडून.

तो शेवटचा तिनं आजारपणात, सुदर्शन कामावर असताना, रिक्षा करून एकटीनं जाऊन ठेवला होता. त्याचा माग तिनं फोनवर बोलून ठेवला होता. पुढच्याच महिन्यात ती गेली. चार वर्षं बापलेक दर रविवारी गोगाबाबाच्या टेकडीवर जात होते आणि रिकाम्या हातानं परत येत होते. शनिवारी रात्री जेवणं झाली की संस्कृती तो आवाज लावायची. हिमानी ओटा पुसता पुसता ऐकायची. बाई मेलेली आहे आणि घरात बोलते आहे, ह्याची माणसाला सवय होत नाही.

"संस्कू, नीट ऐक. चढून आलीस की मकबऱ्याकडं बघ. चार मिनारांचे तीन झाले की थांब. मग किल्ल्याकडं तोंड कर आणि चाल. चाळीस पावलं, माझी. तिथं डाव्या हाताला कपार आहे. घाई करू नको." मग धाप लागलेला श्वास, आणि हसल्यासारखा एक आवाज.

हिमानीला कुणी टेकडीवर चल म्हणालं नव्हतं आणि तीही बोलली नव्हती. जिचा डबा तिचाच असू दे. पण त्या शनिवारी आवाज बंद झाला आणि संस्कृती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"अहो, तुम्ही येता का उद्या?"

हिमानीच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. "मी?"

"तिला कशाला?" सुदर्शन हॉलमधून म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "लई चढ आहे. दगडं आहेत."

"मी लेण्यांच्या गावची आहे," हिमानी म्हणाली. "मला चढाचं भ्या दाखवता व्हय?"

हिमानीला वाटलं, काळजी करतो बिचारा. सकाळी तिनं धपाटे केले, शेंगदाण्याची चटणी बांधली, नवी चप्पल काढली. लग्नानंतर पहिल्यांदाच ती तिघं म्हणून कुठंतरी निघाली होती. रिक्षात ती इतकं बोलली की रिक्षावाल्यानं आरसा दोनदा नीट केला. सुदर्शन बाहेर बघत राहिला.

टेकडीवरचं गवत वाळून पिवळं पडलं होतं आणि साडीला कुसळं चिकटत होती. वर दर्ग्याकडं जाणारी माणसं त्यांना मागं टाकून गेली. संस्कृती पुढं होती, पण दर वळणावर थांबून मागं बघायची. हिमानीला बरं वाटलं, थांबते तरी माझ्यासाठी. तिनं हात केला. संस्कृतीनं केला नाही.

एका सपाट खडकापाशी पोरगी थांबली. खाली मकबरा दुधाच्या सायीसारखा पांढरा दिसत होता. हिमानीनं एक पाऊल सरकून पाहिलं, आणि खरंच, चौथा मिनार तिसऱ्याच्या आड गेला. दूर धुरकट उन्हात देवगिरीचा किल्ला होता. सुदर्शननं नेहमीसारखं चालून दाखवलं. लांब पावलं टाकून एकदा, लहान टाकून एकदा. नाकासमोर सरळ. दोन्ही वेळा जिथं थांबला तिथल्या कपारी त्यांनी इतक्यांदा चाचपल्या होत्या की दगड गुळगुळीत झाले होते.

"आता तुम्ही," संस्कृती म्हणाली.

"संस्कृती, नको," सुदर्शन म्हणाला.

"पप्पा, एकदाच."

"मी म्हणतो ना नको!"

हिमानी हसली. "अहो, चालूनच तर बघायचंय. मी काय मोडते का?"

ती मिनारांच्या खुणेवर उभी राहिली, किल्ल्याकडं तोंड केलं आणि निघाली. सपाटीवर तिची चाल कशीबशी सरळ राहायची. उतरत्या जमिनीवर आखूड पाय तिला आपल्या बाजूला ओढायचा, हे ती लहानपणापासून जाणून होती आणि सावरायची. आज सावरलं नाही. नजर पायाशी ठेवून मोजत राहिली. सुदर्शनची वाट डावीकडं वर राहिली, ती हळूहळू खाली उजवीकडं झुकत गेली. वारा पडला होता. तिसाच्या पुढं तिला असं वाटायला लागलं की इथं आपण पूर्वी चाललो आहोत. कुठल्या दगडावर पाय टाकायचा हे पायाला आधीच कळत होतं. तिला थांबावंसं वाटलं. पण पाय थांबले नाहीत.

चाळीस. डाव्या हाताला घाणेरीचं झुडूप, त्याच्यामागं खडकाला चीर. तिनं हात घातला. प्लास्टिक लागलं. पिशवीत गुंडाळलेला लोणच्याचा डबा बाहेर आला.

"सापडला!" ती ओरडली. आनंदानं तिचा आवाज फाटला. "अहो, सापडला! संस्कू, बघ!"

ती वळली. डब्याकडं कुणीच बघत नव्हतं. सुदर्शन खाली बसला होता, दोन्ही हात डोक्याला लावून. संस्कृती ओठ दाबून उभी होती आणि तिची नजर हिमानीच्या पायांवर होती.

"आई अशीच चालायची," ती म्हणाली.

हिमानीला आधी अर्थच लागला नाही. मग एकेका गोष्टीचा लागत गेला. फोटोतली बाई बसलेली होती, उभी होती. फोटोतलं माणूस चालत नाही. साळूबाई मला बघून घाबरल्या नव्हत्या, त्यांना दुसरीच कुणीतरी जिना चढताना दिसली होती. पोरगी डोळे मिटायची ती मी नको म्हणून नाही, पावलं नीट ऐकू यावीत म्हणून.

ती सुदर्शनपाशी गेली. तिची चप्पल दगडावर वाजत होती, एक जड, एक हलकी, आणि तिला स्वतःच्या पावलांची किळस आली.

"तिचाबी पाय..."

"जन्मापासून," तो म्हणाला. "उजवाच. मी सांगणार होतो."

"त्या दिवशी तुम्हाला दुसरा चहा नको होता."

त्यानं वर पाहिलं. खोटं बोलला असता तर तिनं ते आनंदानं खरं मानलं असतं. पण तो म्हणाला, "नव्हता."

हिमानीला ओरडावंसं वाटलं, त्याला ढकलून द्यावंसं वाटलं. इतक्या लोकांनी ह्या पायासाठी मला नाकारलं, ते परवडलं. ह्यानं ह्या पायासाठीच मला घरात आणलं. पायाच्या पलीकडं कुणी पाहिलंच नव्हतं. तिनं डबा संस्कृतीच्या हातात कोंबला. "घे. तुझ्या आईचा. झालं ना काम?"

संस्कृतीनं पिशवी सोडली, झाकण उघडलं. शिक्का होता, तीन मिनारांचा. कोरी वही होती. चार वर्षं ज्याच्यासाठी बोटं सोलून घेतली त्या डब्याकडं पोरीनं जरा वेळ पाहिलं, झाकण लावलं आणि तो खाली ठेवला.

"परत एकदा चालता का?" तिनं विचारलं.

"काय?"

"तिथून इथपर्यंत. आवाज आहे माझ्याकडं. फोटो पण आहेत. हे नाय." तिनं हिमानीच्या पायांकडं बोट केलं. "ती व्हिडिओ काढूच द्यायची नाय. चालताना कुणी बघितलेलं आवडायचं नाय तिला. मी विसरत चालले होते."

चालताना कुणी बघितलेलं आवडायचं नाही. हे हिमानीला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. भिंतीवरच्या त्या बाईचा तिला इतके दिवस राग होता. आता पहिल्यांदाच ती ओळखीची वाटली, आणि त्यानं राग कमी झाला नाही, भीती वाढली. आपण नको म्हणू शकतो, हे तिला ठाऊक होतं. खाली उतरून रिक्षा केली की स्टँड, आणि स्टँडवरून फर्दापूरची गाडी. काकू दार उघडेल.

ती मिनारांच्या खुणेपाशी गेली. तोंड फिरवलं आणि चालू लागली.

वेगळं चालावं असा तिनं प्रयत्न केला. पाय ताठ ठेवला, लांब टाकला. पण तिच्याकडं दुसरी चाल नव्हती. जी होती ती तिची होती, आणि तिची नव्हती. सुदर्शननं तोंड फिरवून घेतलं होतं. संस्कृती गवतात गुडघ्यांवर बसली होती. डोळे भरून वाहत होते, पण पापणी लवत नव्हती, आणि नजर जमिनीवरून वर उठत नव्हती. एकदा वर बघ गं, हिमानी मनात म्हणत होती. फक्त एकदा. कोण चालतंय ते तरी बघ.

ती जवळ येत गेली. उतारावर एक दगड निसटला आणि तिचा तोल गेला.

संस्कृतीनं झटकन हात पुढं केला. नजर पायांवरच होती.

"आई, सावकाश," ती म्हणाली.

हिमानी सावकाश चालू लागली.