कपाट बाळाचं

बाळ यायला अजून अवकाश होता, पण बाळाचं कपाट मात्र येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवून झालं होतं.

मधुवंती पहिल्या बाळंतपणाला माहेरी, शाहूपुरीत आली होती. आई आषाढातच गेली. पण पहिलं बाळंतपण माहेरीच, हा नियम काही आईबरोबर गेला नव्हता. तो आता दोघी चालवत होत्या. एक थोरली आत्या, जिला सगळं घर आक्का म्हणायचं. दुसरी वर्षाराणी वहिनी. आक्काकडं शास्त्र होतं, वहिनीकडं मोबाईल. आणि दोघींच्या मध्ये आईचं लोखंडी कपाट उभं होतं.

वहिनीनं ते रिकामं केलं, पांढरं रंगवून घेतलं, वर निळे ढग काढून घेतले.

"ताई, हल्ली बाळाचं सगळं आधीच लावून ठेवतात. हाताशी."

"लाव की," आक्का म्हणाली. "फकस्त बाळ यायच्या आत त्याचं टोपडंसुदीक घ्यायचं न्हाय. सांगून ठेवते."

"मग कपाटात ठेवू काय?"

आक्कानं जरा विचार केला. "डबं घे. डब्याला कुठं दृष्ट लागती?"

मग डबे आले. पारदर्शक, एकात एक बसणारे, प्रत्येकावर छापील लेबल. 'झबली'. 'टोपडी'. 'पार्टी वेअर'. 'ट्रॅव्हल'. बोटभर लांबीचे हँगर दांडीवर ओळीनं लटकले. शेजारणी यायच्या, दार उघडायच्या, रिकाम्या डब्यांकडं बघून "किती छान लावलंय!" म्हणायच्या आणि चहा पिऊन जायच्या. मधुवंतीच्या वडिलांनी, आप्पांनी, चष्मा लावून 'ट्रॅव्हल' वाचलं आणि म्हणाले, "अजून पोचला न्हाय, तवर निघाला कुठं?"

कपाटातून निघालेलं आईच्या साड्यांचं गाठोडं तेवढं कुठल्याच डब्यात बसेना. बहुतेक इचलकरंजीची सुती पातळं, धुऊन धुऊन सायीसारखी झालेली.

"गेलेल्या माणसाचं कापड बाळंतिणीच्या खोलीत नगं," आक्का म्हणाली.

"आणि ढगांबरोबर ते रंग जातपण न्हाईत," वहिनीनं दुजोरा दिला. दोघींचं एकमत झालेली ही पहिलीच गोष्ट.

"राहू दे की आक्का. माझ्या कॉटखाली ठेवते."

"आईला कॉटखाली ठेवतीस व्हय?"

मधुवंतीनं गाठोडं जवळ ओढलं. मृत्यूवर तिनं पुष्कळ वाचलं होतं. गाठोडं कुठं ठेवायचं, हे त्यात कुणीच लिहिलं नव्हतं. शेवटी ठरलं, रविवारी आप्पा जोतिबाला जातील तेव्हा तिथं कुणा गरजू बाईला देऊन टाकतील. तोवर रोज दुपारी घर कलंडलं की ती गाठ सोडायची, एखादं पातळ उलगडायची आणि आईनं घातलेल्या घडीवरच परत मिटायची. घडी चुकू नये म्हणून श्वास धरायची. एकावर हळदीचा डाग होता. तो धुवायचा नाही, एवढं तिनं ठरवलं होतं.

रविवारी सकाळी आप्पांनी गाठोडं गाडीच्या डिकीत टाकलं. मधुवंती दारात उभी होती. 'नका नेऊ' असं ती म्हणणार, तेवढ्यात कळ आली. मग दुसरी. गाडी जोतिबाच्या रस्त्याला न लागता दवाखान्याकडं वळली.

वहिनीनं निघताना 'हॉस्पिटल' लिहिलेला डबा न विसरता घेतला होता.

"बाळ गुंडाळायला जुनं, मऊ, सुती कापड द्या," सिस्टर म्हणाल्या. वहिनीनं डबा उघडला. आत एक लहान डबा होता. त्याच्या आत आणखी एक.

"आणि कापड?"

"ते नंतर घ्यायचंय."

"नंतर? बाळ थांबंल व्हय तवर?" सिस्टर म्हणाल्या.

"मी पळत जाऊन नवं आणते."

"नवं?" आक्का कडाडली. "बारशाच्या आत नवं लावतीस पोराच्या अंगाला?"

नवं चालत नव्हतं, जुनं तेवढं गेलेल्या माणसाचं होतं. आप्पा दारातूनच खाली बघत म्हणाले, "डिकीत गाठोडं हाय."

आक्कानं पदर सारखा केला. शास्त्राला वळण द्यायला तिला फार वेळ लागायचा नाही.

"जोतिबाला द्यायला काढलेलं कापड हाय ते," ती म्हणाली. "देवाचंच झालं की. आणि देवाचा प्रसाद कोण नगं म्हणतंय?"

गाठोडं वर आलं. हळदीच्या डागाचं पातळच सगळ्यांत वर होतं. सिस्टरनी कात्री उचलली आणि मधुवंतीकडं बघितलं. "कापू?"

घडी मोडली की ती परत बसणार नव्हती. कळ येऊन गेली. मधुवंतीनं श्वास सोडला.

"कापू नका. फाडा. आई फाडायची."

आक्कानं काठाला दात लावला आणि हिसका दिला. टर्रकन आवाज झाला. एरवी सगळ्यांना ऐकवणारी आक्का मग बराच वेळ भिंतीकडं तोंड करून फाडत बसली.

मुलगी झाली. घरी आल्यावर धुतलेल्या तुकड्यांची चळत घेऊन वहिनी कपाटापुढं उभी राहिली. 'पार्टी वेअर'चाच डबा तेवढा मोठा होता.

"ताई, लेबल बदलू?"

"राहू दे," मधुवंती म्हणाली आणि चळत मांडीवर ओढली. आईची घडी आता एकाही तुकड्याला जमत नव्हती. ती नवी घालायला बसली.